सल्ल्याचा व्यवसाय

आमचा नातू एका सल्लागार पेढींत आहे. सोमवारीं पहांटे विमानानें परगांवीं जावें, मध्यरात्रीपर्यंत तक्ते करावे, गुरुवारीं रात्रीं परतावें, असा त्याचा क्रम. १९२६ सालीं शिकागो येथें जेम्स मॅकिन्सी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकानें अशीच एक पेढी काढली होती. 'वर चढा, नाहीं तर बाहेर पडा,' हा या व्यवसायांतील जुना रिवाज.

परवां तो म्हणाला, "आजोबा, माझ्या तक्त्यामुळें चाळीस माणसें घरीं बसलीं. एकाचेंहि तोंड मीं पाहिलें नव्हतें."

मीं म्हटलें, "अरे, वैद्यहि नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. पुढच्या खेपेस आधीं कारखान्यांतून हिंडून ये."

वाचकहो, अशीं मुलें आपल्याहि घरीं असतील. त्यांस पगार विचारतांना हेंहि एकदां विचारावें.