आजचा लीडर कोण?

मागच्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेहून आम्ही बेळगावला परतलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एका पालकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "सर, पोरं दोन दिवस चिखल तुडवत गेली आणि खिंड न बघताच परत आली म्हणे. आणि परत फिरायचं ठरवलं कुणी, तर फर्स्ट पीयूसीतल्या एका मुलीनं? तुम्ही तिघं मोठी माणसं होता की तिथं!"

होतो. तिघंही होतो, आणि तिघंही गप्प बसलो होतो. फोनवर मी "भेटून बोलूया" एवढंच म्हटलं. जे बोलायचं होतं ते आज इथं लिहितो, कारण तुमच्यापैकी बरेच जण यंदा पहिल्यांदा नाव देणार आहेत.

आमच्या मोहिमेचा एक नियम आहे. बारा-चौदा मुलं, वय चौदा ते एकोणीस. दिवसागणिक एक लीडर, चिठ्ठी टाकून निवडलेला. आदल्या संध्याकाळी त्यानं किंवा तिनं नकाशा घेऊन बसायचं, निघायची वेळ, थांबायच्या जागा, पाणी कुठं भरायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती वाजता जिथं असू तिथून परत फिरायचं, हे ठरवायचं. लीडर पुढं चालत नाही. पुढं वाटाड्या, मागं शेपटीवाला, लीडर मधे. शेपटीवाल्याच्या मागं कुणीही राहायचं नाही. आम्ही मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. जिवावर बेतणार असेल तरच मधे पडायचं. हा शेवटचा नियम मुलांसाठी सोपा आहे, आमच्यासाठी महाकठीण.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत पॉल पेट्झोल्ट नावाचा गिर्यारोहक होता. १९२४ साली, सोळाव्या वर्षी, तो गुराख्यांचे बूट घालून ग्रँड टेटन हे शिखर चढून आला होता, आणि १९३८ मध्ये के-टूवर गेलेल्या अमेरिकन मोहिमेतही होता. पुढं मुलांना रानात नेणाऱ्या एका संस्थेत शिकवताना त्याच्या लक्षात आलं की मुलं भरपूर आहेत, पण त्यांना नीट नेऊ शकतील अशी माणसंच कमी आहेत. म्हणून १९६५ साली त्यानं वायोमिंगमध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं. 'आजचा लीडर' ही तिथली रोजची रीत. आपल्याकडेही उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था त्याच १९६५ सालची. बचेंद्री पाल तिथंच शिकल्या आणि १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोचल्या.

हल्ली शहराबाहेरच्या रिसॉर्टवर 'लीडरशिप कॅम्प' भरतात. कमरेला पट्टा बांधून तारेवरून घसरत जायचं, फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं. मजा येते, मीही घसरलो आहे. पण तिथं ठरवायचं काहीच नसतं. पट्टा दुसऱ्यानं बांधलेला, तार दुसऱ्यानं ओढलेली. चुकीचा निर्णय घेऊन त्याच निर्णयात भिजत बसायची सोय तिथं नाही.

पन्हाळ्याची वाट तशी सगळ्यांच्या ओळखीची. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून याच बाजूनं विशाळगडाकडे गेले. बाजीप्रभूंची कथा तुम्हाला सांगायला नको. वाट साधारण पन्नास किलोमीटरची, आम्ही दोन दिवसांत करतो. पहिल्या दिवशी मसाई पठार लागतं. उन्हाळ्यात तिथं लांबवर दिसतं. जुलैत धुकं असं उतरतं की पुढच्याची पाठही दिसत नाही, आणि सपाटीवर सगळ्या दिशा सारख्याच वाटतात. पहिल्या दिवसाचा लीडर चालायला तुफान. तो उत्साहात वाटाड्याच्याही पुढं गेला आणि अर्ध्या तासानं मोजदाद केली तर दोघं कमी. दोघं बुटातल्या जळवा काढत मागं बसले होते, आणि शेपटीवाला त्यांच्याबरोबर होता, म्हणून निभावलं. पठ्ठ्यानं संध्याकाळी स्वतःच सांगितलं, "मी लीडर नव्हतो काका, मी नुसता पुढं होतो." मी मान हलवली, पण रात्री झोप नीट लागली नाही. त्याचं कारण जुनं आहे.

कॉलेजात असताना आमच्या गटाचा पुढारी मी होतो. का? तर सगळ्यात जोरात मी चालायचो. एका पावसाळ्यात असंच एका गडावर जाताना आमचा एक मित्र गुडघ्यानं मागं पडत होता. "येईल रे तो," म्हणत मी पुढं निघालो. संध्याकाळपर्यंत गड गाठायचाच होता. धुक्यात तो चुकला. तीन तास आम्ही हाका मारत फिरलो. शेवटी एका धनगराच्या घरात चुलीजवळ बसलेला सापडला, कपभर दूध हातात. त्यानं मला एक शब्दही बोलला नाही. आजही भेटला की छान बोलतो, घरी जेवायला बोलावतो. पण माझ्याबरोबर रानात तो पुन्हा कधी आला नाही. त्याला मी बराच काळ हळवा म्हणत होतो. आता तसं म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी निघाली ती त्या मुलीची. अबोल पोर. पहिल्या दिवशी तिचा आवाज मी दोनदा ऐकला असेल. तिनं रात्रीच तळहातावर पेनानं '१' लिहिलं होतं: एक वाजेपर्यंत मोठा ओढा ओलांडला नाही तर परत. साडेबाराला आम्ही ओढ्यावर पोचलो. रात्रभर कोसळला होता. पाणी चहाच्या रंगाचं, तळ दिसत नव्हता.

कालचा लीडर म्हणाला, "मांडीएवढंच आहे की. हात धरून साखळी करून जाऊया." दोघा-तिघांनी लगेच बूट गळ्यात अडकवले. मी खोटं कशाला सांगू, माझंही मन पलीकडेच होतं. गाडी पांढरेपाण्याला येऊन थांबली होती, भाडं ठरलेलं होतं, आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न काय येणार हेही माहीत होतं.

तिनं घाई केली नाही. एक काटकी वरच्या अंगाला पाण्यात टाकली आणि काठानं तिच्याबरोबर चालू लागली. चालून जमेना, पळावं लागलं. मग पाण्याच्या कडेला, अगदी काठोकाठ, एक पांढरा दगड ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "अर्धा तास थांबूया. चिक्की खा." मग माझ्याकडे आली. "काका, आपल्याकडं दोर आहे. कमरेला बांधून एकेकाला पाठवता येईल?"

विचारलं, म्हणून सांगितलं. वाहत्या पाण्यात दोराला माणूस बांधला आणि त्याचा पाय निसटला, तर दोर ताणला जातो आणि पाणी त्याला खालीच दाबून धरतं. वाचवायला घेतलेला दोरच बुडवतो. ती म्हणाली, "आणि नुसतं हात धरून?" मी म्हटलं, पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीही जोरात असेल तर उभं राहू देत नाही. तळात पाय अडकला तर आणखीच वाईट. तरीही जायचं झालंच तर पाठपिशवीचे पट्टे सोडून, तोंड वरच्या प्रवाहाकडे करून, जिथं पाणी पसरट असेल तिथून. "जाऊ की नको," हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जीभ दाताखाली धरून मी चिक्की खात राहिलो.

एकला पाच कमी असताना ती दगड बघायला गेली. दगड पाण्याखाली गेला होता.

"परत," ती म्हणाली.

"अगं, उतरेल की पाणी!"

"उतरेल. पण आपल्याला माहीत नाही कधी. मागच्या वाडीपर्यंत दीड तास आहे, उजेडात पोचू. पलीकडं गेलो आणि पुढचा ओढा असाच निघाला तर आपण दोन ओढ्यांच्या मधे अडकू."

हा दुसऱ्या ओढ्याचा विचार, खरं सांगतो, माझ्या डोक्यात आला नव्हता.

परतताना कालचा लीडर तासभर कुणाशी बोलला नाही. तिनं त्याला वाटाड्या केलं. गोंजारलंही नाही आणि टोमणाही मारला नाही. फक्त म्हणाली, "वाट तुला चांगली सापडते, तूच पुढं हो." वाडीत पोचलो, टेकाडावर चढून रेंज मिळवली, गाडीवाल्याला फोन केला. त्याला वळसा घालून यायला तीन तास लागणार होते, वर जादा पैसे. देवळाच्या ओसरीवर ओले कपडे बदलले आणि नेहमीसारखी संध्याकाळची बैठक घेतली. आधी लीडरनं बोलायचं, आपलं काय चुकलं ते. ती म्हणाली, सकाळी निघायला चाळीस मिनिटं उशीर केला, तो तिचा दोष. मग इतरांनी. कालच्या लीडरनं स्पष्ट सांगितलं, "मला अजून वाटतंय आपण गेलो असतो पार." कुणी त्याला गप्प केलं नाही. मलाही वाटतं, बहुधा गेलो असतो.

मग सगळ्यात लहान, नववीतला मुलगा, कुणी न विचारता बोलला. त्याला पोहता येत नाही. ओढा दिसल्यापासून पोटात गोळा आला होता, पण सगळे हसतील म्हणून बोलला नाही. ती म्हणाली, "मला कळलं होतं. तू बुटाची लेस तीनदा बांधलीस."

त्या फोन करणाऱ्या पालकांना मी नंतर भेटलो तेव्हा अर्नेस्ट शॅकल्टनची गोष्ट सांगितली. ९ जानेवारी १९०९ रोजी हा माणूस तीन सोबत्यांना घेऊन दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर उभा होता. तिथवर तोपर्यंत कुणीही गेलं नव्हतं. ध्रुव गाठता आला असता, पण शिधा संपत आला होता आणि परतीला पुरला नसता. तो मागं फिरला. त्या तिघांपैकी एक होता फ्रँक वाइल्ड. पाच वर्षांनी शॅकल्टन पुन्हा दक्षिणेकडे निघाला तेव्हा हाच वाइल्ड त्याचा उजवा हात म्हणून गेला. त्यांचं एंड्युरन्स जहाज बर्फानं चिरडलं. शॅकल्टन एका लहान होडीतून मदत आणायला गेला आणि मागं एलिफंट बेटावर राहिलेल्या बावीस जणांना चार महिन्यांहून अधिक काळ वाइल्डनं सांभाळलं. त्या जहाजावरचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण जिवंत परतले.

मला त्या गोष्टीत बर्फापेक्षा वाइल्डचं पुन्हा जाणं मोठं वाटतं. ज्यानं त्याला ध्रुवाच्या दारातून परत आणलं, त्याच्याबरोबर तो पुन्हा निघाला. माझ्याबरोबर माझा मित्र निघाला नाही, आणि आम्ही तर गड गाठला होता.

पालकांनी ऐकून घेतलं. "ते खरं, पण खिंड राहिली," म्हणाले. राहिलीच की. भाड्याचे जादा पैसेही गेले, आणि ते कुणी भरायचे यावरून कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या, ते वेगळंच.

डिसेंबरात आम्ही पारगडला एक दिवसाची फेरी केली. त्या ओढ्यावरच्या बारापैकी अकरा जण आले. बारावा आजारी होता. ते पालकही या वेळी स्वतः आले, "बघूया तरी काय चालतंय," म्हणत. पहिल्या चढालाच मागं पडले. त्यांच्या मागं शेपटीवाला म्हणून त्यांचाच मुलगा होता, तोच, मसाई पठारावर पुढं पळालेला. गडाच्या पायऱ्यांवर मी वरून बघत होतो. बाबा थांबले की तोही थांबायचा, पाण्याची बाटली पुढं करायचा, आणि कुठंतरी लांब, दरीकडे बघत उभा राहायचा. एकदाही घड्याळ बघितलं नाही त्यानं. वर पोचल्यावर वडील माझ्या शेजारी बसले, बूट काढले आणि म्हणाले, "पाणी पाजून पाजून बेजार केलं हो पोरानं."