फॉरमॅट मारण्याआधी

जूनमधली गोष्ट. लोह्याकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन नांदेडला माझ्या दुकानात आले. मुलगी लातूरला ट्यूशन एरियात खोली करून राहते. बारावी झाली, आता प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस. पिशवीतून लॅपटॉप काढत वडील म्हणाले, "सर, याच्यात नेटच येईना. दोनदा फॉरमॅट मारून झालं. आता डोंगल घ्या म्हणालेत." मुलगी गप्प होती. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, की पहिल्या फॉरमॅटमध्ये दोन वर्षांच्या नोट्स आणि आजीचे फोटो गेले.

लॅपटॉप सुरू केला. काउंटरवर वायफाय लगेच लागलं, व्हिडिओही चालला. "चालू आहे की" म्हणून तो तसाच परत देता आला असता. मी तो हातात धरून बाहेर जिन्यापाशी नेला, राउटरपासून वीसेक पावलांवर. सगळ्या काड्या गेल्या. त्याच पायरीवर माझ्या मोबाइलला मात्र चांगली रेंज होती. मग विचारलं, "याची हिंज कधी दुरुस्त केली होती का?" वडील म्हणाले, "दिवाळीत केली. पण तिचा न् नेटचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. वायफायचं कार्ड खाली बोर्डावर बसतं, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याचा अँटेना वर स्क्रीनच्या कडेला असतो. दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, कार्डापासून निघून हिंजच्या पोटातून वर जातात. तार दिसते दोऱ्यासारखी, पण ती साधी तार नव्हे: मध्ये तांब्याचा गाभा, त्यावर इन्सुलेशन, त्यावर जाळी आणि वर साल. बेझल उघडलं तेव्हा पांढरी तार हिंजच्या पत्र्याखाली चेपून तुटलेली होती. काळीची साल निघून जाळी उघडी पडली होती. हिंज बसवताना स्क्रू आणि एम-सील व्यवस्थित लावलं होतं, तारा कुठून जातात ते पाहिलं नव्हतं. दोन तारांचा जोड मागवून बसवला. एवढाच तो आजार होता. विंडोजचा त्यात काडीचा दोष नव्हता.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या सगळ्यांच्या दुकानात राउटर काउंटरच्या वरच, दोन हातांवर टांगलेला असतो. इतक्या जवळून तुटक्या तारेचं कार्डही नेट पकडतं. आपण चाचणी तिथेच घेतो आणि "ओके" लिहून मोकळे होतो. गिऱ्हाईक घरी जातं, राउटर हॉलमध्ये आणि लेकरू आतल्या खोलीत, की रडगाणं पुन्हा सुरू. माझी विनंती आहे: वायफायची तक्रार असलेला कोणताही लॅपटॉप दुकानाबाहेर नेऊन, रस्त्यावर किंवा जिन्यात, मोबाइलशेजारी धरून तपासल्याशिवाय परत देऊ नका. कार्डावरचा तो इवलासा गोल कनेक्टर उगाच काढघालही करू नका. यू.एफ.एल. नावाचा जो प्रकार जुन्या कार्डांवर सर्रास दिसतो, तो बनवणारे साधारण ३० वेळा लावण्या-काढण्यापुरताच टिकाऊ धरतात. नव्या एम-२ कार्डांवरचा त्याहूनही लहान आणि नाजूक आहे.

"नेट चालत नाही" हे एकच वाक्य घेऊन लोक येतात, पण त्या वाक्यामागे निरनिराळी दुखणी असतात. लॅपटॉपला स्वतःचं कार्डच दिसत नाही, हे एक. कार्ड दिसतं, पण नेटवर्क दिसत नाही, हे दुसरं. नेटवर्कला जोडलं जातं, पण पुढे काही उघडत नाही, हे तिसरं. आणि चालतं पण थांबत-थांबत, हे चौथं. चारही दुखण्यांना एकच औषध पाजायचं आणि त्याचं नाव फॉरमॅट, ही आपल्याकडची रीत होऊन बसली आहे.

कार्डच दिसत नसेल तर आधी विमान-मोडची की आणि बाजूची छोटी स्विच बघा. मग चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवर बटण अर्धं मिनिट दाबून ठेवा. साठलेला करंट निघून गेला की 'हरवलेलं' कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये परत आलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. झोपेतून उठल्यावर कार्ड गायब होत असेल तर पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी टिक काढून पाहा. यात जास्त बोलण्यासारखं काही नाही.

दुसरं दुखणं मात्र आपल्या भागात फार आहे, आणि त्याचं कारण आपणच विकतो ते लॅपटॉप. नांदेड-लातूरमध्ये विद्यार्थ्यांच्या हातात जे रिफर्बिश्ड लॅपटॉप जातात, त्यातले कित्येक परदेशातल्या कंपन्यांनी वापरून सोडलेले असतात. अमेरिकेसाठी बनलेल्या अनेक लॅपटॉपना २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १ ते ११ एवढेच दिसतात. आपल्याकडे राउटर १२ किंवा १३ वर बसू शकतो. तो तिथे बसला, की शेजारच्या चार मोबाइलना नेटवर्क दिसतं आणि या एकट्या लॅपटॉपला दिसत नाही. राउटर ६ वर आणा, प्रश्न मिटला. इंटेलच्या ७२६० किंवा ७२६५ सारख्या कार्डांवर जुना ड्रायव्हर असेल, तर वायफाय-६ चा नवा राउटर त्यांना दिसतच नाही. इंटेलनेच हे मान्य करून सुधारलेले ड्रायव्हर दिले आहेत. इथे फॉरमॅट मारला आणि पुन्हा पेनड्राइव्हमधला तोच जुना ड्रायव्हर टाकला, तर काय बदलणार? स्वस्त लॅपटॉपमध्ये तर कित्येक वर्षं फक्त २.४ चं कार्ड येत होतं. मुलानं नवा फोन घेतला, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू झाला आणि लॅपटॉपला तो सापडेना. फोनच्या सेटिंगमध्ये बँड बदलला की काम झालं. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यावरची सेवा केंद्रं पीक विम्याच्या गर्दीत फोनच्या हॉटस्पॉटवरच वेळ मारून नेतात. जुलैअखेरची मुदत डोक्यावर आणि दारात रांग असताना त्या चालकाला 'दोन दिवसांनी या' सांगणं म्हणजे त्या रांगेतल्या प्रत्येकाला परत पाठवणं आहे.

तिसऱ्यात माझा स्वतःचा एक अपराध नोंदवतो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षकांचा लॅपटॉप आला. वायफाय जोडलेलं दिसायचं, पण बँकेची, सरकारची, जीमेलची एकही साइट उघडेना. मी डीएनएस बदलला, अँटिव्हायरस काढला, शेवटी फॉरमॅट मारला. विंडोज टाकताना कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपली होती. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते. लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे ती मुदत सुरूच झालेली नसेल, तर ब्राउझर दार उघडत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलायचा होता आणि मी त्यांच्या पेपर-तपासणीच्या फाइल्स पुसून बसलो होतो. त्यांनी मला काही म्हटलं नाही. ते मला आजही लागतं.

आयपी-कॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, एवढं वाचायला अर्धं मिनिट पुरतं. मग राउटरला पिंग करा, त्यानंतर ८.८.८.८ ला. राउटर उत्तर देतो आणि पुढचं काही उत्तर देत नाही, तर घोळ केबलवाल्याच्या बाजूला आहे. लॅपटॉपचा स्क्रूही फिरवायची गरज नाही. ८.८.८.८ उत्तर देतं पण नावानं साइट उघडत नाही, तर डीएनएस. वसतिगृहांत आणखी एक गाठ असते: तिथले चालक लॅपटॉपचा मॅक पत्ता नोंदवून घेतात, आणि विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' चालू असेल तर तो पत्ता बदलतो. मुलीनं पैसे भरलेत, पासवर्ड बरोबर आहे, तरी दार बंद. ती बिचारी समजते लॅपटॉप बिघडला.

थांबत-थांबत चालण्याची तक्रार लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी जाऊन बघावी. उद्योग भवनाच्या आसपास एका गल्लीत वसतिगृह, अभ्यासिका, मेस, क्लास, वर पुन्हा खोल्या, आणि प्रत्येकाचा आपला राउटर. २.४ चा पट्टा सरकारनं २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला, म्हणून कोणीही राउटर लावू शकतो, हे चांगलंच झालं. पण एकमेकांवर न चढणारे चॅनल त्यात तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या कुठल्याही वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये हे चित्र दिसतं; तिन्ही चॅनलवर नावांचे डोंगर. तिथे २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी, ४० केली की शेजाऱ्याचंही बिघडतं आणि आपलंही. ज्या खोलीत राउटर समोर आहे तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरावं. हा पट्टा २०१८ मध्ये आणखी मोठा मोकळा झाला आणि त्यात जागा भरपूर आहे. भिंतीपलीकडे मात्र तो लवकर दमतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि घरोघरी कूलर निघतात. पत्र्याची पेटी, आत पाण्यानं भरलेली टाकी. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. राउटर आणि टेबल यांच्या मधोमध कूलर आला की एप्रिलमध्ये "नेट स्लो झालं" ही तक्रार येणारच. लोखंडी कपाटावर ठेवलेला राउटरही तसाच. कोणी घरी बोलावलं तर आधी चपला काढून खोली पाहा, लॅपटॉप नंतर. यूएसबी ३ च्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क लावली आणि तिला खेटून वायफायचं बारकं डोंगल असेल, तर त्या पोर्टाचा गोंगाट २.४ वर पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून मांडलं. डोंगल दुसऱ्या बाजूला लावून बघा, नाहीतर हातभर एक्स्टेंशन द्या.

एवढं सगळं आपल्यातल्या अनेकांना येतं. मग फॉरमॅट का मारला जातो? मला वाटतं, कारण पैशाचं आहे. गिऱ्हाईक फॉरमॅटचे पैसे देतं, तपासायचे देत नाही. तास घालवून बिघाड शोधला आणि एक टिक काढली, तर "एवढ्याचे पैसे कशाचे?" ऐकावं लागतं, विंडोज टाकलं तर न बोलता नोट पुढे येते. पण नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये केसपेपर काढल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि त्याचे पैसे गावाकडचा माणूसही निमूट देतो, कारण ती रीत सगळ्यांनी मिळून पाडली आहे. आपणही तपासणीचा वेगळा दर लावावा, दुकानात फळ्यावर लिहावा, आणि दुरुस्ती करून घेतली तर तो बिलातून वजा करावा. एकट्यादुकट्यानं केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे खरं. म्हणून वजिराबादेतल्या आणि गंजगोलाईजवळच्या दुकानदारांनी एकत्र बसून ठरवावं असं मी म्हणतो.

आणि आता फॉरमॅटचा घाव पूर्वीपेक्षा खोल बसतो. जुन्या हार्डडिस्कवरून पुसलेलं बरंच परत काढता यायचं. एसएसडीवर ट्रिम चालू असतं; पुसलेलं बहुधा गेलंच. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोसला हात लावला आणि रिकव्हरी की गिऱ्हाइकाकडे नसेल, तर फॉरमॅट न मारताही सगळं कुलूपबंद होतं. की आधी विचारा, मगच बायोस उघडा.

आणखी एक मुद्दा नोंदी ठेवण्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, त्यानंतर हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, बिनतारी संदेश पोहोचवायला मदत केली होती. या मंडळींची जगभरची एक जुनी सवय आहे: प्रत्येक संपर्क वहीत लिहायचा. वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचा सिग्नल किती. वायफाय हेसुद्धा बिनतारीच आहे, पण आपल्या जॉबकार्डावर काय असतं? "नेट प्रॉब्लेम. फॉरमॅट केला. ओके." पुढचा कारागीर त्यातून काय शिकणार? त्या मुलीच्या जॉबकार्डावर दिवाळीतली हिंज लिहिलेली असती, तर दोन्ही फॉरमॅट टळले असते.

पुढच्या अंकापासून एक पान अशा नोंदींसाठी ठेवतो आहोत. लॅपटॉपचं मॉडेल, वायफाय कार्डाचा नंबर, राउटर कोणत्या चॅनलवर होता, लॅपटॉप कुठल्या खोलीत चालत नव्हता, याआधी त्यावर कोणती दुरुस्ती झाली होती, आणि शेवटी काय केल्यावर चालला, एवढं लिहून पाठवा. चुकलेल्या दुरुस्त्याही पाठवा. गिऱ्हाइकाचं नाव नको. पहिली नोंद मी त्या पांढऱ्या तारेची देतो आहे. तिचा तुटलेला तुकडा काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे, नांदेडला आलात तर दाखवीन.