पिंपावरचा इशारा कामगारापर्यंत पोहोचतो का?

औद्योगिक रसायनांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा स्फोट झाला, आग लागली किंवा वायुगळती झाली म्हणजे. भोपाळची १९८४ सालची दुर्घटना कोणीही विसरू शकत नाही. मिथाइल आयसोसायनेट या वायूने त्या रात्री हजारो लोकांच्या डोळ्यांवर आणि फुफ्फुसांवर आघात केला. परंतु अशा महाभयंकर घटनांच्या सावलीत दररोजची इजा झाकली जाते. हातावर उडालेले कॉस्टिक सोड्याचे द्रावण, डोळ्यात गेलेला आम्लाचा थेंब, ओल्या सिमेंटने सोलवटलेली गवंड्याची बोटे यांची बातमी होत नाही. वास्तविक ही इजा पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी आहे. एखादे रसायन त्वचेचे व डोळ्याचे काय करील, हे आगाऊ तपासण्याची व्यवस्था जगाने उभी केली आहे. गेल्या काही वर्षांत ती मुळापासून बदलत आहे. हा बदल स्वागतार्ह का आहे आणि तरीही तो अपुरा कोठे पडतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

दाह आणि क्षरण

शास्त्रज्ञ दोन गोष्टींत काटेकोर भेद करतात. रसायन लागल्यावर त्वचा लाल होते, सुजते, चुरचुरते आणि काही दिवसांनी पूर्ववत होते, तेव्हा ते रसायन दाहकारक ठरते. त्वचेच्या पेशीच मरून जातात, खोल जखम होते व मागे व्रण राहतो, तेव्हा ते संक्षारक ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीनुसार चार तासांपर्यंतच्या संपर्काने त्वचा नष्ट होत असेल, तर ते रसायन पहिल्या म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात जाते. केवळ तीन मिनिटांच्या संपर्काने असे होत असेल, तर त्याच वर्गातील सर्वांत कडक उपवर्ग त्याला लागतो. डोळ्याच्या बाबतीत कसोटी एकवीस दिवसांची आहे. तेवढ्या अवधीत डोळा पूर्ववत झाला तर तो दाह, न झाल्यास गंभीर नेत्रहानी.

आम्ल भयंकर आणि अल्क त्यामानाने सौम्य, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. डोळ्याच्या बाबतीत तो घातक आहे. बहुतेक आम्लांमुळे पृष्ठभागावरील प्रथिने साकळतात आणि तो थर आम्लाला आत शिरण्यास काहीसा अडथळा करतो. तीव्र अल्क मात्र पेशींतील स्निग्ध पदार्थांचा साबण करीत खोलवर उतरत जाते. तंबाखूत मळला जाणारा साधा चुना पाहा. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू सुमारे १२.४ असतो. चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाल्याच्या घटना भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदविल्या आहेत. जे चुन्याचे, तेच कॉस्टिक सोड्याचे. फक्त कॉस्टिक सोडा त्याहून कितीतरी तीव्र.

सशावरील चाचणी

ही तपासणी आली कोठून? अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यातील रसायनामुळे काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीला तर प्राणास मुकावे लागले. त्या वेळी असे प्रसाधन बाजारातून काढून घेण्याचा अधिकार सरकारकडे नव्हता. १९३८ च्या कायद्याने तो मिळाला. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी सशांवरील चाचणी मांडली. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि लाली, सूज, बुबुळावरील धूसरपणा यांना गुण द्यायचे, अशी ही रीत. कातडीसाठी केस कापलेल्या जागी पदार्थ लावला जाई. आर्थिक सहकार्य व विकास संघटना म्हणजे ओईसीडी हिने १९८१ साली या चाचण्यांना ४०४ आणि ४०५ या क्रमांकांची मार्गदर्शक सूत्रे म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

या चाचणीने माणसांचे रक्षण केले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्यावर दोन गंभीर आक्षेप होते. पहिला वैज्ञानिक. १९७१ साली वेल व स्काला या संशोधकांनी अनेक प्रयोगशाळांना तेच पदार्थ तपासावयास दिले, तेव्हा निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. शिवाय सशाला तिसरी पापणी असते, त्याचा कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल आपल्यापेक्षा पातळ असते आणि तो पापण्याही क्वचित मिटतो. दुसरा आक्षेप नैतिक. मुक्या जिवाला एवढ्या यातना देणे कितपत योग्य? कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ मानवी जीव वाचविण्यासाठी प्राण्यांवरील प्रयोग मर्यादेत राहून मान्य करतो. मात्र प्राण्यांना विनाकारण दुःख देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तो बजावतो. प्रश्न असा उरतो की, दुसरा मार्ग उपलब्ध झाल्यावर ते दुःख ‘विनाकारण’ ठरत नाही काय?

नवा मार्ग

तो मार्ग आता उपलब्ध आहे. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्वचेसारखा थर तयार करतात. त्यावर रसायन ठेवून धुऊन टाकतात आणि नंतर एका पिवळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने जिवंत पेशी मोजतात, कारण जिवंत पेशी त्या रंगद्रव्याचा जांभळा-निळा रंग करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत उरल्या, तर पदार्थ किमान दाहकारक तरी मानावा लागतो. ही पद्धत ओईसीडीने २०१० साली ४३९ क्रमांकाच्या सूत्राने स्वीकारली. डोळ्यासाठी २००९ मध्ये कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या व कोंबड्यांच्या डोळ्यांवरील चाचण्यांना मान्यता मिळाली. खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा जो डोळा एरवी टाकून दिला जातो, त्याच्या कॉर्नियातून प्रकाश किती जातो आणि रंग किती झिरपतो, हे त्यांपैकी गुरांच्या डोळ्यावरील चाचणीत मोजतात. २०१५ मध्ये मानवी पेशींपासून बनविलेल्या कॉर्नियाचीही भर पडली.

यांपैकी एकही चाचणी स्वयंपूर्ण नाही. तबकडीतील थराला रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात आणि एकवीस दिवसांत जखम भरते की नाही, हे तो सांगू शकत नाही. म्हणून आता पायरीपायरीने निर्णय घेतात. आधी माणसांना पूर्वी झालेल्या इजांच्या नोंदी पाहायच्या, रेणूची रचना पाहायची, सामू मोजायचा. तो २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून अधिक असेल, तर पदार्थ संक्षारक असण्याची शक्यता गृहीत धरायची. त्यानंतर पेशींवरील चाचण्या. प्राण्यावरील प्रयोग अगदी अखेरीस आणि तोही अटळ असेल तरच, वेदनाशामक देऊन. युरोपीय संघाने २०१६ पासून औद्योगिक रसायनांसाठी हाच क्रम प्रमाण केला. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरण पद्धतीच्या २०२३ मधील दहाव्या आवृत्तीनेही प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांना अधिक स्थान दिले. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी घातली, ही अभिमानाची गोष्ट होय. मात्र ती बंदी प्रसाधनांपुरती आहे, औद्योगिक रसायने तिच्या कक्षेत येत नाहीत.

तुटलेला दुवा

येथवर विज्ञानाने आपले काम केले. पण प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि कामगाराचा डोळा यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. धोका हा पदार्थाचा अंगभूत गुण आहे. जोखीम मात्र संपर्कावर अवलंबून असते. झाकण घट्ट बसविलेल्या पिंपातील आम्ल धोकादायक असले, तरी त्याची जोखीम अल्प असते. तेच आम्ल हातमोज्यांविना बादलीत ओतू लागले की जोखीम प्रचंड वाढते. शिवाय चाचणी एका वेळच्या संपर्काची असते, तर कामगाराचा हात वर्षानुवर्षे त्याच द्रावणात बुडत राहतो. सौम्य ठरलेला पदार्थही अशा हाताची त्वचा कोरडी करतो, भेगाळतो. काही पदार्थांत दाहाबरोबर ॲलर्जीही असते. सिमेंटमधील क्रोमियमचे उदाहरण घ्या. युरोपात २००५ पासून त्याच्या विरघळणाऱ्या, घातक रूपावर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा आहे. वर सांगितलेल्या दाहाच्या चाचण्या अशी ॲलर्जी पकडू शकत नाहीत.

कायद्याने माहितीचा हक्क मान्य केला आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना धोक्याची माहिती देणे मालकांवर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक व पिंपावरील लेबल आवश्यक ठरविले. प्रत्यक्षात ते माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते आणि कार्यालयातील कपाटात राहते. पिंप हाताळणारा कामगार कंत्राटी असतो, कधी परप्रांतीय असतो. मोठ्या पिंपातील द्रव शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढला की उरलासुरला इशाराही पुसला जातो. तारापूर, डोंबिवली, रोहा, महाड, लोटे अशा औद्योगिक वसाहती असलेल्या आपल्या राज्यात हा प्रश्न दूरचा नाही.

म्हणून चार संकेत प्रत्येक कामगार कुटुंबाने ओळखावेत. एच-३१४ म्हणजे त्वचा व डोळे गंभीररीत्या भाजणे, एच-३१५ म्हणजे त्वचेचा दाह, एच-३१८ म्हणजे डोळ्याची गंभीर हानी, एच-३१९ म्हणजे डोळ्याचा तीव्र दाह. हात आणि धातू यांवर द्रव पडून ते झिजत असल्याचे चित्र दिसले की ते संक्षारक समजावे. डोळ्यात काही गेले, तर चोळू नये, लिंबू-सोड्याचे उपाय करू नयेत. पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने ताबडतोब किमान पंधरा मिनिटे, अल्क असेल तर त्याहून अधिक काळ धुवावे आणि थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. पहिल्या काही क्षणांतील पाणी नंतरच्या औषधांपेक्षा मोलाचे ठरते. कामाच्या जागेपासून दहा सेकंदांच्या अंतरावर डोळे धुण्याची सोय असावी, असे अमेरिकी मानक सांगते. आपल्या कारखान्यात ती आहे काय, हे विचारण्यात संकोच कसला?

आपल्या धर्मग्रामांतील अभियंते, परिचारिका, शिक्षक आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते एकत्र आले, तर एका पानाचे मराठी व हिंदी माहितीपत्रक तयार करणे कठीण नाही. सशाचे हाल थांबविण्यासाठी शास्त्रज्ञांनी चार दशके परिश्रम केले, ते स्तुत्य आहे. परंतु मूल्यमापन अहवालावर सही झाल्याने पूर्ण होत नाही. पिंपाचे झाकण उघडणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत तो इशारा समजतो, त्याच्या हाती मोजे व डोळ्यावर संरक्षक चष्मा असतो, तेव्हाच ते पूर्ण होते.