चार स्क्रूंची परीक्षा

गेला महिनाभर फ्रीगंजमधील आमच्या घराच्या ओट्यावर एक लाकडी फळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तिच्यावर एक मीटर, एक मेन स्विच आणि दोन दिवे. वरच्या बिऱ्हाडातील मुलगा रोज सायंकाळी येतो, सगळे जोडतो, सोडवितो आणि पुन्हा जोडतो. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आता तो वीजमीटर बसविणाऱ्या तंत्रज्ञाची चाचणी देणार आहे. परीक्षकाचे काम आमच्याकडे आले ते आमच्या ज्ञानामुळे नव्हे, आमच्या ओट्यावर प्लगपॉइंट आहे म्हणून.

त्याच्या आजीला हे सारे पसंत नाही. “अरे, चार स्क्रू पिळायला परीक्षा कसली घेतात?” असे त्या जिन्यातूनच विचारतात. त्यांचे यजमान कचेरीत हेडक्लार्क होते. घराण्यात शिडीवर कोणी चढलेले नाही. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या पुष्कळ घरांतून हाच सूर ऐकू येतो. मुलाने खुर्चीवर बसावे, हाताला काळे लागू नये. म्हणून ही परीक्षा प्रत्यक्षात काय विचारते, ते वाचकांना सांगावे असे आम्हांस वाटले.

तिची तीन अंगे आहेत : लेखी प्रश्न, तोंडी प्रश्न आणि प्रत्यक्ष काम. पुस्तकी भाग मुलाला पाठ आहे. १८८९ साली हंगेरीच्या ऑटो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीचा मीटर सिद्ध केला. आपल्या भिंतींवर वर्षानुवर्षे फिरत राहिलेली ती चकती त्याच जातीची. पुढे चकती जाऊन लुकलुकणारा दिवा आला आणि आता आपले वाचन आपणच दूर पाठविणारा स्मार्ट मीटर येत आहे. २०२१ साली केंद्र शासनाने वितरणसुधारणेची जी योजना आखली, तिच्यात देशभर २५ कोटी असे मीटर बसविण्याचे उद्दिष्ट होते. एवढे मीटर बसवायचे तर तितकेच जाणते हातही लागणार.

पण खरी कसोटी प्रत्यक्ष कामात. पहिल्याच दिवशी मुलाने मेन स्विच पाडला, तारेला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही आणि त्याने तारेला हात घातला. आम्ही खूण केली : नापास. “काका, वीज तर बंद होती!” तो म्हणाला. बंद होती खरी. पण टेस्टरच बिघडलेला असता तर? आधी चालू प्लगवर टेस्टर पेटतो हे पाहावे, मग बंद तार तपासावी, मग पुन्हा चालू प्लगवर टेस्टर पेटतो का ते पाहावे. तीन वेळचे हे पाहणे अर्ध्या मिनिटाचे आहे. त्या अर्ध्या मिनिटावर आयुष्य तोललेले असते.

मग क्रम. सोडविताना आधी फेज, नंतर न्यूट्रल; जोडताना आधी न्यूट्रल, नंतर फेज. स्क्रू सैल राहिला तर जोड तापतो आणि एखाद्या उन्हाळ्यात, कूलर चालू असताना, जळतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. घरातील पंखे, फ्रिज एका क्षणात निकामी होतात. आजींचे चार स्क्रू ते हेच.

याहून अवघड प्रश्न विश्वासाचा आहे आणि त्याचा अनुभव आमच्याच जिन्याने घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमचे आणि वरच्या बिऱ्हाडाचे मीटर एकाच दिवशी बदलले गेले. बसविणाऱ्याने घाईत तारांची अदलाबदल केली. आमचा कूलर चाले आणि बिल आजींना येई. आजींना वाटले, आम्ही त्यांच्या तारेवरून वीज ओढतो. आम्हांस वाटले, आजी उगीच बोल लावतात. सहा महिने दोन्ही घरांत अबोला होता. त्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळसुद्धा जिना चढला नाही की उतरला नाही. शेवटी एका जाणत्या वायरमनने आमचा मेन स्विच पाडला आणि आजींचा मीटर थांबलेला सर्वांना दाखविला. दोन मिनिटांचे काम! तेच बसवितानाच केले असते तर सहा महिने वाचले असते.

म्हणूनच परीक्षार्थीने मीटरचा क्रमांक ग्राहकाच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, जुन्या मीटरचे शेवटचे वाचन ग्राहकाच्या समक्ष लिहून त्याची सही घ्यावी, सील लावून त्याचाही क्रमांक नोंदवावा. २००३ च्या वीज कायद्याचे ५५ वे कलम अचूक मीटरमधूनच वीज पुरविण्यास सांगते. पण ती अचूकता घरापर्यंत नेतो तो या मुलासारखाच कोणी.

नवा मीटर ‘पळतो’ अशी शंका असणाऱ्यांसाठी मुलाने शिकविलेला एक हिशेब देतो. मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंदने असे छापले असेल, तर घरातील सारे बंद करून तारेचा जुना १०० वॉटचा एकच दिवा लावावा. तीन मिनिटांत मीटरचा लाल दिवा सुमारे १६ वेळा लुकलुकला पाहिजे. दाब कमीजास्त असेल तर एखाददुसरा फरक पडेल. फारच फरक दिसला तर रीतसर तक्रार करावी.

मोजणाऱ्याला मान देणे या गावाला नवे नाही. सवाई जयसिंगांनी क्षिप्राकाठी उभारलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिची धुरा वाहिली. आपटे सूर्याची सावली मोजीत, हा मुलगा घराघरांतील वीज मोजणार. दोन कामांची थोरवी सारखी नाही, हे आम्ही जाणतो. पण माप खरे असले पाहिजे, ही अट दोहोंना एकच.

हे सारे आम्ही आजींना सांगितले. अबोल्याचे ते सहा महिने निघाले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग फळीजवळ येऊन म्हणाल्या, “यातला आमचा कोणता आणि तुमचा कोणता, ते कसे कळते रे?” मुलाने मेन स्विच पाडून दाखविला. त्यांनी तो पुन्हा पाडायला लावला.

सोमवारी सकाळी मुलगा चाचणीला निघाला. आजींनी त्याच्या हातावर दही ठेवले आणि दाराशी येऊन बजावले, “घाई करू नकोस. आणि मीटर कुणाचा, ते आधी बघ हो.”

निकाल यायचा आहे. फळी ओट्यावरच आहे. दुसऱ्या गल्लीतील एक मुलगी उद्यापासून तिच्यावर सराव करणार आहे.