ज्या गावाला डाव नाही

गेल्या वर्षभरात आमच्या वाकडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध सात वेळा लढले गेले. तीनदा अथेन्स जिंकले, चारदा स्पार्टा, आणि या धुमश्चक्रीत आईच्या दोन चांगल्या बश्या कामी आल्या. "हे तुझं शेवटचं वर्ष आहे ना रे?" असे ती दर रविवारी रात्री विचारते. आमच्या एका प्राध्यापकांनीही, हे वृत्त त्यांच्या कानी गेल्यावर, इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुस्तके उघडायची सोडून सोंगट्या काय हलवायच्या, असा प्रश्न भर वर्गात केला होता. प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही म्हणून हा लेख.

खेळ माझ्या मावसबहिणीचा. ताई हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि परदेशातून येताना लोक चॉकलेटे आणतात तशी ती हे खोके घेऊन आली. 'पेरिक्लीज' हे त्याचे नाव. मार्क हर्मन या अमेरिकन गृहस्थाने तो रचला आणि २०१७ साली तो बाजारात आला. पटावर ग्रीस आणि आसपासचा समुद्र, काळ इ.स.पू. ४६० ते ४००. खेळणारे चौघे, आणि सगळी गंमत या चौघांत आहे. दोघे अथेन्सचे, दोघे स्पार्टाचे. पण अथेन्सच्या दोघांतला एक उमरावांच्या पक्षाचा, दुसरा लोकपक्षाचा. स्पार्टाचेही तसेच, तिथे दोन राजघराणी होती, त्यांतले एकेक घराणे एकेकाकडे. शेवटी आधी दोन्ही नगरांच्या मानाची बेरीज करून कोणते नगर जिंकले ते ठरते आणि मग त्या नगरातल्या दोघांपैकी ज्याचा मान मोठा तो खरा विजेता. म्हणजे शत्रू समोर बसलेला असतो खरा, पण पाय ओढणारा शेजारी बसलेला असतो. ज्यांनी आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलन समितीत एक वर्ष काढले आहे त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दर फेरीच्या सुरुवातीला प्रत्येक नगराची सभा भरते. लष्कर, वकिलात, मित्रसंघ असे विषय मांडले जातात, आणि जो पक्ष वाद जिंकेल त्याच्याकडे तो विषय जातो. मग चौघेही आपापल्या विषयांच्या सोंगट्या पटावर पालथ्या ठेवतात. त्यांत नुसत्या अफवेच्याही सोंगट्या असतात! एका ठिकाणी अनेक सोंगट्या एकावर एक रचल्या गेल्या तर जी सर्वांत शेवटी ठेवली ती सर्वांत आधी उघडते. त्यामुळे आधी काय करायचे ते शेवटी ठेवावे लागते. हे डोक्यात बसायला मला दोन रविवार लागले, माझ्या वर्गमित्राला चार. तो उमरावांचा आणि मी लोकपक्षाचा, आणि पहिल्याच युद्धात आम्ही एकमेकांचे असे काही वाटोळे केले की स्पार्टाच्या बाजूने बसलेल्या ताईला फारसे काही करावेच लागले नाही.

चैत्र पौर्णिमेच्या आठवड्यात मात्र युद्ध तहकूब होते. म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येते त्या दिवशी घरात टेबलाजवळ बसायला कुणी नसते. ताईचे यावरही उत्तर तयार होते: पौर्णिमा झाल्याखेरीज निघता येत नाही म्हणून स्पार्टन थांबून राहिले आणि इ.स.पू. ४९० साली मॅरेथॉनला लढाई आटोपल्यावर पोचले. असो.

आता, यातून मी काय शिकलो? आमच्या क्रमिक पुस्तकांत "अथेन्सने ठरवले", "स्पार्टाने युद्ध पुकारले" अशी वाक्ये असतात. परीक्षेत मीही तशीच लिहितो. पण अथेन्स नावाचा कुणी गृहस्थ नव्हता. पंधरा मिनिटे वाद घालून, वर्गमित्राला हरवण्याच्या ईर्ष्येने, नगराला न परवडणारी मोहीम मी स्वतः मंजूर करून घेतली तेव्हा "अथेन्सने ठरवले" या शब्दांच्या पोटात काय काय असू शकते ते मला प्रथम कळले. हे मला कोणत्याही पुस्तकाने इतक्या लवकर शिकवले नसते. तेव्हा बैठ्या खेळांना वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांशी माझे पहिले भांडण येथे आहे.

दुसरे भांडण मात्र खेळाशीच आहे, आणि ते आमच्या आजोबांनी लावून दिले.

आबा टेबलाशेजारच्या आरामखुर्चीत बसून असतात. त्यांना खेळातले काही कळत नाही आणि कळून घ्यायचीही इच्छा नाही, पण चौघे जण तावातावाने बोलताहेत म्हटल्यावर ते झोपायला जात नाहीत. एका रविवारी मी पटाच्या कोपऱ्यात सोंगटी उलटी केली, लष्कर उतरवले, आणि ती जागा माझी झाल्याबद्दल टेबलावर थाप मारली. आबा पुढे वाकले. बोट ठेवून म्हणाले, "ह्या गावाकडनं कोण बसलंय?"

"कुणी नाही, आबा."

"का?"

"त्या गावाला डाव नाही. डाव फक्त आम्हा चौघांना."

आबा "बरं" म्हणाले आणि मागे टेकले. त्यांच्या त्या "बरं"मध्ये टोमणा नव्हता. पण मला पुढचे दोन-तीन दिवस तो प्रश्न सुटेना, कारण आबा असे का विचारतात ते मला ठाऊक होते. वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधी ते गाव होते आणि आबांची जमीन मुळेच्या अंगाला होती. ती रस्त्यात गेली. मोबदला मिळाला, त्यातून घर झाले, त्या घरातल्या टेबलावर आम्ही खेळतो, तेव्हा गाऱ्हाणे सांगायला जागा नाही आणि आबा ते सांगतही नाहीत. एक गोष्ट मात्र ते अधूनमधून सांगतात. ज्या दिवशी नकाशा दाखवायला माणसे आली, त्या दिवशी नकाशावर त्यांची विहीर नव्हती. रेघ विहिरीवरून गेली होती. "इथं विहीर आहे" असे आबांनी सांगितले, तेव्हा नकाशा घेऊन आलेल्या माणसाने अगदी सभ्यपणे नोंद करून घेतली, आणि रेघ होती तिथेच राहिली.

ही गोष्ट डोक्यात घेऊन मी ग्रंथालयात थ्युसिडिडीज काढला. हा स्वतः अथेन्सचा सेनापती. इ.स.पू. ४२४ साली अँफिपोलिस हातचे गेले म्हणून त्याला वीस वर्षे हद्दपारी भोगावी लागली, आणि त्यामुळेच दोन्ही बाजूंची माणसे त्याला भेटू शकली. त्याच्या पाचव्या पुस्तकात मेलॉसची हकीकत आहे. मेलॉस हे लहानसे बेट, मूळची स्पार्टाची वसाहत, पण युद्धात तटस्थ राहू पाहणारे. इ.स.पू. ४१६ साली अथेन्सने तेथे ३८ जहाजे पाठवली. हल्ल्याआधी वकील बोलायला गेले. मेलॉसच्या पुढाऱ्यांनी त्यांना जनतेपुढे न आणता निवडक लोकांपुढेच बोलू दिले. अथेन्सच्या वकिलांनी न्याय-अन्यायाची भाषा बाजूला ठेवायला सांगितली. ती भाषा तुल्यबळांमध्येच शोभते, असा त्यांचा सूर. मेलॉसचे लोक म्हणत राहिले की आम्हांला कुणाच्याच बाजूला नको, मित्र म्हणून राहू द्या. हिवाळ्यात बेट शरण आले. हाती लागलेले सर्व प्रौढ पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली, आणि मागाहून अथेन्सने आपले ५०० लोक तेथे वसवले.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण हा प्रसंग सत्तेचा सिद्धान्त म्हणून शिकतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला मात्र त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. थ्युसिडिडीजने मेलॉसच्या माणसांना बोलायला जागा दिली. ती हरतात, पण त्यांच्या तोंडी वाक्ये आहेत. आमच्या खेळात तीही नाहीत.

याच्या अकरा वर्षे आधीची एक हकीकत तर माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. लेझबॉस बेटावरच्या मिटिलीनी या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले होते, ते इ.स.पू. ४२७ साली फसले. चिडलेल्या सभेने ठराव केला की तेथील सर्व पुरुषांना ठार मारावे. हुकूम घेऊन जहाज सुटलेसुद्धा. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच निर्णयाची शिसारी आली आणि पुन्हा सभा भरली. क्लिऑन ठराव कायम ठेवा म्हणून गरजला. डायोडोटस नावाचा माणूस उलट बाजूने बोलला. तो दयेची भीक मागत नाही, अशा कत्तलीने अथेन्सचाच तोटा होईल असे दाखवून देतो. थोड्या मतांनी पहिला ठराव रद्द झाला आणि दुसरे जहाज निघाले. पहिले एक दिवस-रात्र पुढे होते. वल्हेकऱ्यांनी दारू आणि तेलात मळलेले जवाचे पीठ वल्ही न सोडता खाल्ले, झोप पाळीपाळीने घेतली. पहिले जहाज, नकोशा कामाला चाललेले, रेंगाळत गेले होते. दुसरे पोचले तेव्हा पहिला हुकूम वाचून झाला होता आणि अंमल व्हायचा होता. नगर वाचले. (बंडाचे म्होरके ठरवलेले हजारावर लोक तरीही मारले गेले, हे थ्युसिडिडीज नोंदवतो, तेव्हा अथेन्सला फार डोक्यावर घ्यायला नको.)

आमच्या पटावर हे दुसरे जहाज नाही. पालथी ठेवलेली सोंगटी परत घेता येत नाही. पाळीपाळीने खेळायच्या सगळ्याच खेळांचा हा नियम आहे, तो नसेल तर खेळ संपणारच नाही, हे मला कळते. पण खऱ्या अथेन्सला एक रात्र मिळाली होती आणि ती त्याने वापरली, हेही खरे.

आपल्याकडे या विषयावर महाभारताच्या सभापर्वाइतके कडक कुणी बोलले नसेल. द्यूतसभेत फासे टाकणारे दोघे, पाहणारे शेकडो, आणि पणाला लागलेली व्यक्ती सभेत हजरही नाही. ती आली ती प्रश्न घेऊनच आली: आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? तेवढ्या मोठ्या सभेत कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला. त्या विकर्णाची आणि डायोडोटसची जात एकच, असे मला वाटते. दोघेही त्या सभेपुरतेच पुढे येतात, आणि आपण क्लिऑन व दुर्योधन यांच्यावर पानेच्या पाने लिहितो.

कुणी म्हणेल, मग बुद्धिबळही बंद करा, तेथे प्याद्यांचे काय होते ते पाहा! मी हे मानत नाही. बुद्धिबळातले प्यादे कोणत्याही गावचे नसते. ज्या खेळाच्या पटावर खऱ्या जागांची नावे आणि खरी साले छापलेली आहेत, तो खेळ आपण खऱ्याविषयी काही सांगतो आहोत असे म्हणत असतो, आणि मग त्याला खऱ्याविषयी प्रश्नही विचारता येतात. खेळ टाकून द्या असे माझे म्हणणे नाहीच. उलट आपल्या इतिहास विभागाने असा एक पट वाचनकक्षात ठेवावा असे मी सुचवतो. फक्त त्याच्याभोवती चार नव्हे, पाच खुर्च्या असाव्यात.

ही पाचवी खुर्ची आम्ही घरी करून पाहिली. नियम असा केला की कोणतीही लष्करी सोंगटी उलटण्यापूर्वी, ज्या जागेवर ती पडायची त्या जागेच्या वतीने पाचव्याने दोन मिनिटे बोलावे, आणि मग सोंगटी ठेवणाऱ्याने हवी तर ती न उलटताच उचलून घ्यावी. ताईला हा नियम मुळीच पसंत पडला नाही. खेळ आधीच चार तासांचा, त्यात ही व्याख्याने कशाला, असे तिचे म्हणणे, आणि गेल्या दोन रविवारी दीड-दीड वाजला हे पाहता ते अगदीच चूक नाही. वर्गमित्राने तर त्याचा फायदा घेऊन, पाचव्या खुर्चीवर बसून, माझ्या विरुद्ध प्रचार केला.

पहिल्या रात्री त्या खुर्चीवर आबा बसले होते. जागा कुठली ते त्यांना सांगूनही त्यांच्या लक्षात राहिले नाही. ते मेलॉसबद्दल काही बोलले नाहीत, ग्रीसबद्दलही नाही. ज्वारीच्या वेळी विहिरीला पाणी किती असायचे, मोट सुटून पंप बसला ते साल कोणते, काठावरचा उंबर कोणी लावला, एवढेच सांगत राहिले. दोन मिनिटांची घंटा झाली तरी कुणी त्यांना थांबवले नाही. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

माझा मान तेव्हा वर्गमित्रापेक्षा दोनाने कमी होता आणि शेवटची फेरी चालू होती. मी सोंगटी उलटली. लष्कराची होती.

"घेतलंस?" आबांनी विचारले.

"घेतलं, आबा."

"बरं," म्हणून ते उठले आणि झोपायला गेले. तो डाव मी जिंकलो. त्यानंतर एथेन्सच्या शेवटाचे वाचताना झेनोफोनने लिहिलेली इ.स.पू. ४०५ सालची एक हकीकत सापडली: आरमार बुडाल्याची बातमी रात्री नगरात आली तेव्हा कुणाला झोप लागली नाही, कारण आपण मेलॉससारख्यांचे जे केले तेच आता आपले होणार असे त्यांना वाटत होते. तसे झाले नाही. स्पार्टाच्या लायसँडरने मेलॉसचे जे लोक उरले होते त्यांना गोळा करून त्यांच्या बेटावर परत नेऊन सोडले, हे मात्र झाले. आबांना मी हे सांगितले. परत गेल्यावर त्यांची घरे जागेवर होती का, असे त्यांनी विचारले.

आठवे युद्ध परीक्षा संपल्यावरच्या रविवारी आहे. आबा म्हणतात, आता दुसऱ्या कुणाला बसवा. पाचवी खुर्ची रिकामी आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला ग्रंथालयात भेटावे. प्राध्यापकांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे.