उंदरांची बाजू

माळढोक बघायला नान्नजला जायचं आणि माळढोक न बघताच परत यायचं, ही आम्हा सोलापूरकरांची जुनी रीत. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हापासून बार्शी रस्त्यावरचं हे गाव त्या एका पक्ष्याच्या नावाने ओळखलं जातं. आता तर एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून ताई-दाजी पोरांना घेऊन आले आणि आम्ही सगळे नान्नजला गेलो, तेव्हा काय दिसणार आणि काय नाही याची मला कल्पना होतीच. काळवीट दिसले, लांबवर. मग अर्धा तास नुसतं गवत. आणि मग भाचीला जमिनीत भोकं दिसली.

पुढचा पाऊण तास आम्ही सात माणसं वाकून बिळं बघत होतो. सोबतचे वनखात्याचे काका एकदम रंगात आले. हे पुढचं दार, हे मागचं, आणि हे मातीने वरवर बुजवलेलं, संकट आलं की आतून धडक मारून पळून जायचं! राहणारा कोण, तर शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका असलेला, टपोऱ्या डोळ्यांचा माळावरचा उंदीर. रात्रीच बाहेर पडतो आणि घाबरला की मागच्या पायांवर उड्या मारत सुटतो. इंग्रजीत त्याला जर्बिल म्हणतात. त्याच्या भाऊबंदांना परदेशातली पोरं हौसेने पिंजऱ्यात पाळतात.

दाजी म्हणाले, "माळढोक बघायला आलो आणि निघाला उंदीर. डोंगर पोखरून उंदीर म्हणतात ते हेच!"

सगळे हसले, मीही हसलो. पण ती म्हण नंतर डोक्यातून जाईना. मराठीत उंदीर म्हणजे क्षुल्लक, नाहीतर चोर. दहा दिवस गणपतीच्या पायाशी बसलेला असतो तेव्हा त्याला हात जोडायचे आणि अकराव्या दिवशी सापळ्याला भजं लावायचं. बरं, आपल्याला उंदीर कोण हे तरी नीट कुठे माहीत आहे? आपला राज्यप्राणी शेकरू हा याच कुरतडणाऱ्या खानदानातला. खार त्यातलीच, साळिंदरही त्यातलंच. सगळ्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून जन्मभर कुरतडणं आलं. चिचुंद्री मात्र, जिला आपण हमखास उंदीर म्हणून झाडू मारतो, ती उंदीर नाहीच, ती किडे खाणारी वेगळीच जात. म्हणजे झुपकेदार शेपटी असली की कौतुक आणि बारीक शेपटी असली की झाडू, एवढंच आपलं प्राणिशास्त्र!

माझं तर आता असं मत झालंय की नान्नजला बघायचं ते हेच. माळढोक गेला तरी माळ चालू राहतो, उंदीर गेला तर नाही. अबी तमीम वनक या अभ्यासकांनी याच परिसरात खोकड आणि गावकुत्री काय खातात याचा अभ्यास केला होता, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. कुत्री बहुतेक माणसाच्या खरकट्यावर जगतात. खोकड मात्र किडे, उंदीर आणि फळं यांच्यावर. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी घार तुम्ही पाहिली असेल, तिची नजर जमिनीवर उंदीरच शोधत असते. गव्हाणी घुबड, धामण, घोणस यांचं पोट त्याच्यावरच. लांडगाही उंदीर सोडत नाही. खुद्द माळढोकसुद्धा नाकतोडे, धान्य, सरडे यांच्या जोडीला प्रसंगी छोटा उंदीर गिळतो.

अमेरिकेत हे घडून गेलंय. तिकडच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी डॉग नावाचा, नाव कुत्र्याचं पण जात खारीची, असा बिळात राहणारा प्राणी आहे. गुरांचं गवत खातो म्हणून विसाव्या शतकात त्याला विष घालून घालून मारला. त्याच्यावर जगणारं काळ्या पायांचं फेरेट, आपल्या मुंगसाच्या आकाराचं जनावर, त्याच्याबरोबर संपलं. संपलंच असं सगळे धरून चालले होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट घरी आणलं, तेव्हा कळलं की थोडी उरली आहेत. मग शेवटची अठरा पकडून त्यांच्यापासून पुन्हा पैदास करावी लागली.

हे सगळं मी जेवताना उत्साहाने सांगत होतो तर बाबा म्हणाले, "आणि प्लेग?"

बरोबर आहे. १८९६ ला मुंबईत, मग पुण्यात, आणि अगदी १९९४ ला बीडकडे मामल्यात नि सुरतेत. माळावरच्या याच उंदरांमध्ये प्लेगचे जंतू टिकून राहतात हेही खरं. तेव्हा बिळात हात घालू नका, लांबूनच बघा. पण प्लेग माणसात आणते ती पिसू, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. त्या साथीत आधी उंदीर मरायचे. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधायचे, म्हणजे धोक्याची घंटा तोच वाजवत होता.

बाबांचा खरा राग प्लेगचा नाहीच, ज्वारीचा आहे. कणसात दाणा भरताना ताट बुडातून कुरतडून आडवं केलेलं दिसलं की कुणाचाही जीव तळमळेल. उंदीर गरीब बिचारा आहे असं त्यांना सांगायची माझी हिंमत नाही, आणि ते खरंही नाही. वाद आहे तो औषधाचा. झिंक फॉस्फाईड घातलं तर हुशार उंदीर आधी चाखून बघतो, पोट बिघडलं की पुन्हा त्या दाण्याला तोंड लावत नाही. म्हणून तर आधी दोन-तीन दिवस साधं धान्य ठेवून त्याची भीड मोडावी लागते. ब्रोमॅडिओलोनने तो लगेच मरत नाही. रक्त गोठेनासं होऊन काही दिवसांनी मरतो. तोवर झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. विष मग घुबडाच्या पोटात. म्हणजे आपण फुकटचा राखणदार मारतो आणि उंदीर तर दोन हंगामांत परत येतातच, त्यांची पिलावळ कुणी मोजावी!

इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावतात. पुढे जॉर्डनचे आणि पॅलेस्टिनी शेतकरीही त्यात आले, ज्यांचं एरवी कशावरच पटत नाही असे लोक घुबडावर एकत्र! आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, त्यामुळे पेटीचं नाव काढताच आईने "घराजवळ नको हं" म्हणून आधीच सांगितलंय.

तेव्हा सध्या पक्षीथांब्यांवर तडजोड झालीये. ज्वारीत दोन-दोन वाशांचे पाच थांबे रोवायचे, कापशी घार आणि कोतवाल बसायला. बाबा तयार झाले. औषधाचा डबा कुठे टाकायचा ते मात्र अजून ठरलेलं नाही, तो गोठ्याच्या माळ्यावरच आहे.