घरपट्टी मालकाची, नळ भाडेकरूचा

मार्चअखेर जवळ आली की आमच्या भिवंडीत घरमालक आणि भाडेकरू एकमेकांना टाळू लागतात. मनपाची वसुली सुरू झालेली असते. बिल मालकाच्या नावावर असतं. पण मालक राहायला कल्याण-ठाण्याला, आणि थकबाकीपोटी नळ तोडायला माणसं येतात ती भाडेकरूच्या दारात.

महापालिका अधिनियम याबाबत गप्प नाही. मिळकत भाड्याने दिली असेल तर कर भरायची पहिली जबाबदारी देणाऱ्याची. त्याने भरला नाही तर तिथे राहणाऱ्याकडून वसुली होऊ शकते, आणि भरलेली रक्कम त्याला भाड्यातून वळती करता येते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते ती वेगळीच. शांतीनगरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत मात्र करार तोंडी आणि भाड्याची पावती आजवर कुणी दिलेली नाही. वळतं करायला गेलं, की मालकाला अचानक जुनं भाडं थकल्याचं आठवतं.

बिल हातात घेऊन नीट वाचलं तर भांडण अर्धं कमी होईल, असं मला वाटतं. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर. गाळा असेल तर रोजगार हमी करही. यातला शिक्षण कर १९६२च्या कायद्याने मालकाला भाडेकरूकडून घेता येतो, म्हणजे सगळंच मालकाचं असंही नाही. भाड्यासोबत द्यायचा हा कर येतो वर्षाकाठी, मग भाडं 'दरमहा देय' कसं म्हणायचं, एवढ्या मुद्द्यावर जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली बेदखलीचे खटले वरच्या कोर्टांपर्यंत लढले गेले. वकिलांचं बरं चाललं असणार.

विजेचं तसं सोपं. २००७पासून इथली बिलं टोरंट देते, आणि वापरेल तो भरेल याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. कुरबूर होते ती सबमीटरवर मालक स्वतःचा दर लावतो तेव्हा. भाडं थकलं म्हणून सबमीटरची वायर काढणाऱ्यांनी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं २९वं कलम एकदा वाचावं.

खरी अडचण दुरुस्तीची. इथली जिलानी इमारत सप्टेंबर २०२०मध्ये पहाटे कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं काम कायदा मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कुणावरही टाकतो. म्हणून दोघेही वाट बघतात. पागडीच्या जागेत भाडं इतकं किरकोळ, की मालक प्लॅस्टरलाही हात लावत नाही. दुरुस्ती मालकाची, हे कायद्यात स्पष्ट आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळतं करता येत नाही. पागडीच्या भाड्याचा एक चतुर्थांश म्हणजे सिमेंटची एखाद-दुसरी गोण!

म्हणून कुणी विचारलं तर मी मालकालाच आधी सांगतो, की करार नोंदवा आणि घरपट्टी, पाणीपट्टी, शिक्षण कर, वीज, सोसायटीची वर्गणी, प्रत्येकासाठी वेगळी ओळ घाला. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते कोर्ट आधी खरं धरतं. मालक मान डोलावतात. मग विचारतात, "नोंदणीचे हजार रुपये आणि स्टॅम्प कुणी भरायचा?"